प्रोस्टेटच्या बायोप्सीतली प्रथिनं तपासून कॅन्सर पुढे वाढेल का, ते कळतं का?

घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे. रात्री लघवीला तीन-चारदा उठावं लागायचं, धार बारीक झाली होती, म्हणून यवतमाळला दाखवलं. रक्तात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, ७.६ आला, सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी ५८ ग्रॅमची निघाली. मग नागपूरला बायोप्सी झाली, म्हणजे सुईनं ग्रंथीचे तुकडे काढून तपासले. १२ तुकड्यांपैकी २ मध्ये कॅन्सर, ग्लीसन ३+३=६, ग्रेड ग्रुप १. रिपोर्टच्या खाली लिहिलंय: पी६३ निगेटिव्ह, एएमएसीआर पॉझिटिव्ह. एक सर्जन म्हणतात ऑपरेशन करून टाका. दुसरे म्हणतात घाई नको, नजर ठेवू. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, बायोप्सीच्या तुकड्यातली प्रथिनं मोजून कॅन्सर पसरणार की नाही हे सांगणारी तपासणी असते, तुकडा अमेरिकेला पाठवावा लागतो, आधी ती करा. खर्च एवढा की यंदाचा सगळा कापूस विकला तरी भागणार नाही. तेव्हा विचारायचं असं, की 'पॉझिटिव्ह' म्हणजे पसरला का? ती तपासणी करावी का? आणि आम्हा दोघा भावांना धोका आहे का?

भाऊ, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, विदर्भातच काम करतो, आणि असे तुकडे रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. आधी सरळ उत्तर देतो: ती महागडी तपासणी आत्ता करू नका, आणि तिच्यासाठी वावर गहाण टाकण्याचा विचार तर मनातही आणू नका. प्रथिनांचे मार्कर, म्हणजे रोगाची खूण सांगणारी प्रथिनं, खोटे आहेत म्हणून मी असं म्हणत नाही. त्यातले काही खरोखर कामाचे आहेत. पण तुमच्या हातात आज जे कागद आहेत त्यांतून फुकटात मिळणारी माहिती अजून पुरती काढलेलीच नाही. ती काढल्यावर बहुधा तुमचा निर्णय होऊन जाईल.

'पॉझिटिव्ह'ची भीती पहिल्यांदा काढून टाका. निरोगी प्रोस्टेटमधल्या बारीक ग्रंथींना पेशींचे दोन थर असतात. आतला थर स्राव तयार करतो आणि त्याला बाहेरून बेसल पेशींचा दुसरा थर वेढून असतो. पी६३ हे प्रथिन त्या बाहेरच्या थराच्या केंद्रकात असतं. कॅन्सरच्या ग्रंथीत हा बाहेरचा थर नाहीसा झालेला असतो, म्हणून पी६३ ओळखणारा खास रंग लावला तरी तो तिथे चढत नाही, ते निगेटिव्ह येतं. एएमएसीआर उलट कॅन्सरच्या पेशींत वाढतं, म्हणून ते पॉझिटिव्ह आलं. दोन्ही मिळून एवढंच सांगतात की पॅथॉलॉजिस्टला जिथे कॅन्सर दिसला तो कॅन्सरच आहे, कॅन्सरसारखी दिसणारी साधी ग्रंथी नाही. तो पसरला का, पसरेल का, याबद्दल हे दोन्ही मार्कर काहीही बोलत नाहीत. निदान पक्कं करणारी प्रथिनं वेगळी आणि पुढची चाल सांगणारी प्रथिनं वेगळी. पुष्कळ घरांत याच एका गोष्टीवरून आठ-आठ दिवस चूल पेटत नाही, म्हणून एवढं लांबवलं.

आता पुढच्या चालीबद्दल. प्रोस्टेटचा कॅन्सर कसा वागेल याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज आजही ग्लीसनवरूनच बांधला जातो. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं १९६६ साली ही पद्धत मांडली. यात पेशी कशी दिसते याकडे बघायचं नसतं, ग्रंथींची मांडणी कशी आहे ते बघायचं असतं. ग्रंथी सुट्या आणि नीट घडलेल्या असल्या तर ३. एकमेकींत मिसळलेल्या, अर्धवट घडलेल्या किंवा चाळणीसारखी भोकं पडलेल्या असल्या तर ४. ग्रंथीच उरली नाही, पेशी सुट्या पसरल्या, तर ५. पुढे २०१४ मध्ये शिकागोच्या बैठकीत जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांनी याचे पाच ग्रेड ग्रुप केले. कारण '६' ऐकलं की लोकांना वाटायचं, दहापैकी सहा म्हणजे बरंच झालं. खरं तर आज रिपोर्टमध्ये येणारा सगळ्यात खालचा आकडाच ६ आहे. तुमच्या वडिलांचा ग्रुप १ म्हणजे सगळ्यात सौम्य.

निव्वळ ३+३ असलेला कॅन्सर ग्रंथीबाहेर जाऊन लसिका गाठींत किंवा हाडांत बसणं अत्यंत दुर्मिळ. मग सर्जनना धास्ती कसली? धास्ती अशी की सुईत जे आलं तेवढंच ग्रंथीत आहे कशावरून. बायोप्सीचा तुकडा म्हणजे सुमारे एक मिलिमीटर जाडीचा, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा धागा. असे बारा धागे म्हणजे ५८ ग्रॅमच्या ग्रंथीचा अगदी नगण्य भाग. शिवाय प्रोस्टेटमध्ये कॅन्सर बहुधा एकाच जागी नसतो, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या ग्रेडचे ठिपके असतात. माती परीक्षणाला धुऱ्याजवळची एक मूठ नेली तर अख्ख्या वावराचा हिशेब लागत नाही, तसंच हे. ऑपरेशन करून पूर्ण ग्रंथी काढल्यावर तपासतो तेव्हा बायोप्सीत ३+३ असलेल्या बऱ्याच जणांत आत कुठेतरी ४ चा भाग सापडतो. तुमच्या दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडतंय ते या एका शंकेपायी. आणि ऊतीतल्या प्रथिनांवर एवढं संशोधन झालं तेही या शंकेपायीच: सुईत आलेल्या सौम्य भागातल्या पेशीच आतल्या आत काही सांगतात का, की शेजारी वाईट भाग लपलेला आहे, किंवा हाच भाग पुढे बिघडणार आहे?

यात ज्याबद्दल मी स्वतः सगळ्यात आग्रही आहे ते प्रथिन म्हणजे पीटेन. त्याचं जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे, १९९७ मध्ये ते सापडलं. पेशीला 'वाढ, जग, मरू नको' असा हुकूम देणारी एक साखळी असते, तिला लगाम घालायचं काम पीटेनचं. जनुक तुटलं की प्रथिन बनत नाही आणि लगाम सुटतो. हे काचपट्टीवर फार स्पष्ट दिसतं. पीटेनचा रंग लावलेल्या पट्टीत साध्या ग्रंथी तपकिरी, मधल्या तंतुमय भागातल्या पेशी तपकिरी, रक्तवाहिन्यांची अस्तरं तपकिरी, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध कॅन्सरच्या ग्रंथी मात्र फिक्या निळ्या, रिकाम्या. आजूबाजूचं तपकिरी असल्यामुळे रंग नीट चढला याची खात्री त्याच पट्टीत मिळते, वेगळा पुरावा लागत नाही. म्हणूनच हा मार्कर मला विश्वासाचा वाटतो. दोन पॅथॉलॉजिस्ट शेजारी बसवले तर त्यांचं मत बहुधा जुळतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या पॅथॉलॉजिस्टांनी २०१५ च्या सुमारास दाखवलं की बायोप्सीत ग्लीसन ६ आहे पण पीटेन गेलेलं आहे, अशा रुग्णांत ऑपरेशननंतर ग्रेड वाढलेला निघण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे तुमच्या शंकेशी याचा थेट संबंध आहे.

पण याचीही मर्यादा सांगितली पाहिजे. ग्लीसन ६ मध्ये पीटेन जाणं मुळात कमी आढळतं. जास्त ग्रेडच्या आणि पसरलेल्या कॅन्सरमध्ये ते बरंच जास्त. शिवाय एकाच गाठीत एका भागात ते गेलेलं आणि दुसऱ्या भागात शाबूत असू शकतं. तेव्हा 'पीटेन शाबूत' म्हणजे निर्धास्त असा अर्थ काढायचा नाही. 'पीटेन गेलं' याला मात्र वजन आहे. तसं आलं तर मी डॉक्टरांना फोन करून सांगीन की याची दुसरी बायोप्सी लांबवू नका.

दुसरं नाव तुम्हाला ऐकायला मिळेल ते की-६७. विभागणीत असलेल्या पेशीच्या केंद्रकात हे प्रथिन असतं, विश्रांती घेणाऱ्या पेशीत नसतं. शंभर पेशींत किती रंगल्या ते मोजायचं. स्तनाच्या कॅन्सरमुळे हे सगळ्यांच्या परिचयाचं आहे आणि नागपूरच काय, आपल्याकडच्या बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणीही होऊ शकतं. प्रोस्टेटमध्ये जास्त की-६७ आणि वाईट वाटचाल यांचा संबंध वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलाय, तो खराच आहे. अडचण अशी की प्रोस्टेटचा कॅन्सर मुळातच संथ. ग्लीसन ६ मध्ये शंभरात दोन-तीन पेशी रंगतात. आता दोनाचे चार झाले तर ते जीवशास्त्र समजायचं, की मी पट्टीतला दुसरा कोपरा मोजला एवढाच अर्थ घ्यायचा? सीमारेषा कोणी ५ टक्क्यांवर धरतं, कोणी १० वर. त्यामुळे ग्लीसन ८-९ च्या रुग्णात की-६७ बोलकं असतं, पण तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात त्या आकड्यावर ऑपरेशनचा निर्णय मी टाकणार नाही.

बाकीची नावं भरभर सांगतो. पी५३ बिघडणं वाईट लक्षण, पण ते बहुतेक पुढच्या टप्प्यात. ईआरजी हे २००५ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी शोधलेल्या जनुकीय जोडामुळे वाढणारं प्रथिन. कॅन्सर ओळखायला त्याची मदत होते, पण पुढची चाल सांगण्यात ते टिकलं नाही. पीटेनसोबत वाचलं तर थोडा अर्थ निघतो. बीसीएल-२, पी२७, ईझेडएच२, ई-कॅधेरिन या सगळ्यांवर ढिगानं निबंध आहेत आणि रोजच्या कामात यांतलं एकही मी प्रोस्टेटच्या पुढच्या अंदाजासाठी मागवत नाही. एका अभ्यासात चमकलेलं प्रथिन दुसऱ्या गावच्या रुग्णांत, दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या कंपनीच्या प्रतिपिंडानं (प्रथिनाला चिकटून ते रंगवायला मदत करणाऱ्या घटकानं) तसंच वागेल याची हमी नसते. बहुतेक मार्कर तिथेच गळतात.

तुमचा मावसभाऊ म्हणतो ती तपासणी बहुधा आठ प्रथिनांची आहे. प्रोमार्क या नावानं ती अमेरिकेत आली. तिच्यामागचा विचार मला मनापासून आवडतो, म्हणून सांगतो. इतरांनी बहुतेक असं केलं होतं की गाठीतला सगळ्यात वाईट भाग घेऊन त्यात प्रथिनं शोधायची. या लोकांनी मुद्दाम उलट केलं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या एकाच ग्रंथीतून एक नमुना सगळ्यात जास्त ग्रेडच्या भागाचा घेतला आणि एक सगळ्यात कमी ग्रेडच्या भागाचा. मग विचारलं: अशी कोणती प्रथिनं आहेत जी सौम्य भागातूनही त्या माणसाच्या एकूण कॅन्सरचं खरं रूप सांगतात? म्हणजे सुई चुकीच्या जागी गेली तरी उत्तर चुकू नये. २०१४ मध्ये हे काम छापून आलं. त्यातून शेवटी आठ प्रथिनं ठरली: डीईआरएल१, सीयूएल२, एसएमएडी४, पीडीएसएस२, एचएसपीए९, एफयूएस, वायबॉक्स१ आणि फॉस्फेट जोडलेलं एस६. डोळ्यांनी तपकिरी रंग बघायचा नाही, चमकणारे रंग लावून यंत्रानं फक्त कॅन्सरच्या पेशींतलं प्रमाण मोजायचं आणि ० ते १ मधला एक आकडा द्यायचा. २०१५ मध्ये ग्लीसन ३+३ आणि ३+४ च्या बायोप्सींवर तिची पडताळणी छापून आली.

मग करू नका का म्हणतो? त्या पडताळणीत आकड्यानं भाकीत केलं ते ऑपरेशननंतर ग्रंथीत काय सापडेल याचं. पंधरा वर्षांनी माणूस कसा असेल याचं नव्हे. तुमचा प्रश्न दुसरा आहे. आणि मधला आकडा आला तर तुम्ही जिथे होता तिथेच उभे राहता, कापूस तेवढा गेलेला असतो. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं, आस्कोनं, आठ प्रथिनांच्या या आणि जनुकांवरच्या अशा सगळ्या तपासण्यांचा विचार करून साधारण हेच म्हटलंय: सरसकट करू नका. नेहमीची माहिती बघूनही निर्णय अडला असेल आणि या आकड्यानं तो खरोखर बदलणार असेल, तेव्हाच करा.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे, ती परदेशातल्या निबंधांत लिहिलेली नसते. प्रथिन मोजायचं तर ते तुकड्यात शिल्लक असलं पाहिजे. बायोप्सीचा तुकडा सुईतून निघाल्याबरोबर दहा टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रवात, पडायला हवा, तुकड्याच्या कितीतरी पट द्रवात. आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणाहून बाटल्या येतात. एखादीत सलाईन असतं, कारण फॉर्मॅलिन संपलं होतं. एखादीत पाणी न मिसळलेलं कडक फॉर्मॅलिन. एकदा गॉजच्या चौकोनावर चिकटून वाळलेले धागे आले होते. गॉजचे तंतू कुठले आणि प्रोस्टेट कुठली हे वेगळं करायला भिंग घ्यावं लागलं. नातेवाईक ती बाटली पिशवीत घालून मे महिन्यात काळीपिवळीतून, एसटीतून आणतो, बाहेर ४५ डिग्री. मधे शनिवार-रविवार आला तर ती तशीच पडून राहते. अशा तुकड्यावर ग्लीसन कसाबसा देता येतो, कारण ग्रंथींची मांडणी टिकते. प्रथिनांचं तसं नाही. की-६७ कमी दिसतं, पीटेन सगळीकडेच फिकं पडतं. फॉस्फेट जोडलेली प्रथिनं सगळ्यात नाजूक. ऊतीचा रक्तपुरवठा तुटला आणि फॉर्मॅलिन पोचायला उशीर झाला की तो फॉस्फेट निघून जायला लागतो. आठातलं एस६ त्याच जातीचं. म्हणजे नमुना बिघडलेला असेल तर महागडं यंत्र आकडा देईल, पण तो आकडा तुमच्या वडिलांच्या कॅन्सरचा असेलच असं नाही. तुमची बायोप्सी नागपूरला झाली, बहुधा नीटच ठेवली असेल, पण विचारून घ्या. विदर्भात काम करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं: नव्या मार्करची यादी मागण्याआधी आपल्या भागातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ताजं बफर केलेलं फॉर्मॅलिन आणि नीट लेबल लावलेल्या बाटल्या पोचवा. रुग्णाचं जास्त भलं त्यानं होईल.

आता तुम्ही काय करायचं ते.

पहिल्यांदा घरातल्या गोळ्यांचं पाकीट बघा. लघवीच्या त्रासासाठी आपल्याकडे टॅमसुलोसिन आणि ड्यूटास्टेराइड एकत्र असलेली गोळी सर्रास देतात. ड्यूटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने-वर्षभर चालू असेल तर पीएसए जवळजवळ निम्मा होतो. वडील ती गोळी आधीपासून घेत असतील तर त्यांचा ७.६ हा खरा साधारण १५ आहे. १० च्या वर गेलं की धोक्याचा गट बदलतो, आणि मग माझं पुढचं सगळं उत्तर थोडं बदलेल. कोणत्याही मार्करपेक्षा हे पाकीट आज जास्त महत्त्वाचं आहे. तसंच पीएसए काढला तेव्हा लघवीत जंतुसंसर्ग होता का, नळी घातलेली होती का तेही आठवा. तेव्हा तो खोटाच वाढलेला येतो.

गोळी चालू नसेल तर एक भागाकार करा. ७.६ भागिले ५८, म्हणजे ०.१३. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात. ०.१५ च्या खाली असेल तर ते चांगलं. मोठ्या ग्रंथीमुळेच पीएसए वाढलेला असण्याची शक्यता त्यातून दिसते. हा भागाकार करायला एक पैसा लागत नाही, आणि ग्लीसन ६ च्या माणसात त्याचं वजन बऱ्याच प्रथिनांपेक्षा जास्त आहे.

दुसरं, काचपट्ट्या आणि तुकडे ज्यात बसवलेले असतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि प्रोस्टेट नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, सेवाग्राम, सावंगीची मेडिकल कॉलेजं तुम्हाला जवळ आहेत, मुंबईचं टाटा आहे. ब्लॉक तुमचा आहे, लेखी अर्ज दिला की मिळतो. त्यांना नेमकं विचारा: ३+३ नक्की का, कुठे ४ चा बारीक भाग आहे का? चाळणीसारखी रचना किंवा नलिकेच्या आत वाढलेला कॅन्सर आहे का? दोन तुकड्यांत मिळून किती मिलिमीटर कॅन्सर आहे? मज्जातंतूभोवती शिरलाय का? हे सगळं साध्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या पट्टीत दिसतं. चाळणीसारखी रचना दिसणं हे पुढच्या वाटचालीचं फार बोलकं लक्षण आहे, आणि त्यासाठी एकही प्रथिन रंगवावं लागत नाही. ब्लॉक नेताना उन्हाळा असेल तर गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. मेण ५६ ते ६० डिग्रीच्या आसपास वितळतं आणि बंद गाडीत मे महिन्यात तेवढं तापतं. डब्यात कापूस घालून, सावलीत, स्वतःच्या पिशवीत न्या. आणि रंगवलेल्या पट्ट्यांसाठी घाई करून ब्लॉक उगाच कापून संपवू नका. ब्लॉक राहिला तर पाच वर्षांनी गरज पडली तरी त्यातून काहीही तपासता येतं.

तिसरं, एमआरआय. बायोप्सीमुळे आत रक्त साकळलेलं असतं, म्हणून सहा-आठ आठवडे जाऊ द्या, मग मल्टिपॅरामेट्रिक, म्हणजे ग्रंथीच्या वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा घेणारा, एमआरआय करा. सुई जिथे पोचली नाही तिथे काही दडलेलं असेल तर ते बहुधा यात दिसतं. संशयाची जागा दिसली तर नेम धरून तिथलाच तुकडा घ्यायचा. ज्या शंकेसाठी तुम्ही प्रथिनं मोजायला निघालात त्या शंकेचं उत्तर यात जास्त सरळ मिळतं. जन आरोग्य योजनेत काय काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

हे सगळं नीट निघालं तर मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे: ऑपरेशन नको, नजर ठेवा. याला आधार आहे. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा अभ्यास झाला. १६४३ पुरुष, कॅन्सर ग्रंथीपुरता मर्यादित. कोणाला ऑपरेशन, कोणाला रेडिएशन, कोणावर फक्त नजर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. १५ वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल छापला तेव्हा तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कॅन्सरनं गेले ते ४५ जण, म्हणजे २.७ टक्के, आणि गटागटांत त्यात ठोस फरक नव्हता. मात्र नजर ठेवलेल्या गटात कॅन्सर पसरल्याचं प्रमाण जास्त होतं, ९ टक्क्यांच्या थोडं वर, बाकी दोन गटांत ५ च्या आसपास. आणि त्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी पुढे कधी ना कधी उपचार घेतले. तेव्हा नजर ठेवणं म्हणजे फाइल कपाटात टाकून विसरणं नव्हे. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा डॉक्टरांकडून बोटानं तपासणी, वर्षभरात पुन्हा एक बायोप्सी, आणि नंतर काही वर्षांच्या अंतरानं.

इथे मला आपल्या भागाची खरी काळजी वाटते. पेरणी, डवरणी, मग कापसाचा सीझन, मग लग्नं. 'बाबाले काई त्रास नाई, मंग काहून न्यायचं' असं म्हणत तारखा हुकतात आणि दोन वर्षांनी माणूस पाठदुखी घेऊन येतो. तुमच्या घरी तारखा पाळणारं कोणी नसेल, वडील तपासणीला यायला तयार नसतील, तर तसं सर्जनना मोकळेपणानं सांगा. अशा वेळी उपचार आत्ताच करून घेणं हा चुकीचा निर्णय ठरत नाही. ही गोष्ट कोणताही मार्कर सांगू शकत नाही, घरच्यांनीच सांगायची असते.

पीटेनला मी कधी जागा देईन तेही सांगतो. पट्ट्या पुन्हा बघितल्यावर ३+४ निघालं, ४ चा भाग थोडासाच आहे, एमआरआय धड ना इकडचा ना तिकडचा, आणि वडिलांना ऑपरेशन टाळायचंय. अशा अडलेल्या जागी त्याच ब्लॉकवर पीटेन करा, सोबत की-६७ करा. भारतातल्या मोठ्या प्रयोगशाळांत हे होतं, अमेरिकेला काही पाठवावं लागत नाही, आणि खर्च त्या आठ प्रथिनांच्या तुलनेत किरकोळ. पीटेन गेलेलं निघालं तर उपचाराकडे झुका. आणि देव न करो, पुढे कधी कॅन्सर हाडांत गेला तर मार्करची यादीच बदलते. तेव्हा 'वाढेल का' हा प्रश्न उरत नाही, 'कोणतं औषध लागू पडेल' हा असतो. तिथे एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही डीएनए दुरुस्त करणारी चार प्रथिनं आणि स्तनाच्या-अंडाशयाच्या कॅन्सरशीही संबंध असलेल्या बीआरसीए जनुकांची तपासणी करायला मी स्वतः आग्रह धरतो, कारण त्यावर खास औषधं आहेत. आज तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

तुम्हा भावांबद्दल: वडिलांना झाला म्हणजे मुलांना साधारण दुप्पट धोका, असं धरतात. वयाच्या ४५ च्या सुमारास पीएसए करून घ्या, आकडा कमी आला तर पुढची तपासणी कधी ते डॉक्टर ठरवतील. घरात आजोबा, काका यांना प्रोस्टेटचा किंवा वडिलांची आई, आत्या, तुमच्या बहिणी यांपैकी कोणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते वडिलांच्या डॉक्टरांना जरूर सांगा. तसा इतिहास निघाला तर रक्तातून बीआरसीए तपासायला हवं, आणि ती तपासणी तुमच्यापेक्षा आधी वडिलांची करायची. वडिलांत दोष सापडला तरच तो तुमच्यात शोधायचा.

गोळ्यांचं नाव आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचा रिपोर्ट मिळाला की कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.